लशीचा गुण तोलून पाहणारे हाफकिन

उमरोळीहून आगगाडीने मुंबईस जाणाऱ्या आपल्या समाजबांधवांस परळची हाफकिन संस्था निदान नावाने तरी परिचित आहे. ज्या पुरुषाचे नाव तिला १९२५ साली देण्यात आले, त्याने आपल्या प्रांतास प्लेगची लस तर दिलीच. परंतु उपचाराचा गुण कसा पारखावा हेही दाखवून दिले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. वैद्यकाची पदवी त्यांजपाशी नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस सिद्ध करून ते १८९३ साली हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा सरकारने त्यांस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

लस निर्धोक ठरली. पण ती गुणकारी आहे हे कशावरून? टोचलेला मनुष्य न टोचताही वाचला नसता कशावरून? या प्रश्नास उत्तर एकच, तुलना. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथे सर्वांचे अन्न व निवारा एकच होता. टोचून घेतलेल्या १४७ बंद्यांपैकी २ आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही. न टोचलेल्या १७२ पैकी १२ आजारी पडले व ६ दगावले.

तरीही शंकेस जागा होती. आपण होऊन पुढे येणारा मनुष्य मुळातच अधिक सुदृढ असू शकतो. म्हणून १८९८ साली बडोद्याजवळील उंडेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस लस टोचली व निम्म्यांस तसेच ठेवले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ दगावले; न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ दगावले. हे आकडे वाचताना अंतःकरण हेलावते. पुराव्याचे मोल त्या घरांनी प्राणांनी चुकविले.

१९०२ साली पंजाबातील मल्कोवाल येथे लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांस पद गमवावे लागले. परंतु मृत सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काही झाले नाही. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला गेला होता. तुलनेनेच अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९३० साली लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

समाजकार्यात आरोग्यशिबिर भरले की आलेल्यांची गणना करून आपण संतोष मानतो. किती आले, याबरोबरच किती बरे झाले आणि न आलेल्यांचे काय झाले, हेही वहीत नोंदले जावे. हाफकिन यांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन ते कोणते?