एरिक लिडेल : मैदानापासून छावणीपर्यंत



संत पौलाच्या पत्रांत धावण्याच्या शर्यतीचा उल्लेख अनेकदा येतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत, त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती लोकांना ही उपमा समजावून सांगावी लागत नव्हती. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, त्यांनी ही उपमा पायांनी जगून दाखवली. एरिक लिडेल कॅथलिक नव्हते, ते स्कॉटलंडमधील प्रोटेस्टंट मिशनरी घराण्यातले होते. त्यांच्यावरचा ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा १९८१ सालचा चित्रपट काहींनी पाहिला असेल. पण आम्हाला त्यांच्या जीवनातले जे दोन भाग जास्त मोलाचे वाटतात, ते त्यात जवळजवळ नाहीतच : अगदी सुरुवात आणि अगदी शेवट.

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएन्त्सिन शहरात झाला. आईवडील तिथे मिशनकार्य करत होते. सहा वर्षांच्या एरिकला थोरल्या भावासोबत लंडनला मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत ठेवून ते चीनला परतले. पुढे १९२० साली एरिक एडिनबरो विद्यापीठात विज्ञान शिकू लागले. १९२१ च्या वसंतात एका मित्राने विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धेत धावण्याचा आग्रह धरला. त्यांनी अभ्यासाची सबब सांगितली (ही सबब आम्हीही बऱ्याच वेळा ऐकतो) आणि मग होकार दिला. त्याआधीच ते मित्रांबरोबर सायकलवरून बेन नेव्हिस डोंगरापर्यंत जाऊन आले होते. परत येऊन सराव करू लागले, तेव्हा पाय लाकडासारखे ताठलेले. तरीही मे महिन्यात १०० यार्डांची शर्यत त्यांनी जिंकली आणि २२० यार्डांत दुसरे आले.

आता खरे शिक्षण सुरू झाले. टॉम मॅकर्चर नावाचे अनुभवी प्रशिक्षक त्यांना मिळाले. पाउडरहॉलच्या मैदानावर धंदेवाईक धावपटू सरावापूर्वी चवड्यांवर नाचल्यासारख्या उड्या मारत, मग पुन्हा पुन्हा नुसती सुरुवात करून पाहत. एरिकना हे सगळे हास्यास्पद वाटले. चारचौघांत असे नाचायचे म्हणजे लाजच! प्रशिक्षकांनी त्यांचे पाय तपासले आणि स्नायू फार कडक असल्याचे सांगितले. ते मालिश करून मऊ करायला हवेत, नाहीतर एके दिवशी धावता धावता स्नायू तुटेल. शर्यत संपल्यावर जागच्या जागी थांबायचे नाही, हेही शिकवले. एरिकची धावण्याची ढब मात्र शेवटपर्यंत सुधारली नाही : मान मागे टाकलेली, हात वेडेवाकडे फिरणारे. प्रशिक्षकांनी ती तशीच राहू दिली.

आम्हाला या प्रसंगात नवख्या भाविकाची सगळी अवस्था दिसते. बऱ्याच वर्षांनी पापनिवेदनाला येणारा माणूस असाच संकोचतो. घरात पहिल्यांदा रोझरी सुरू करणाऱ्या जोडप्याला शेजाऱ्यांनी ऐकले तर काय, असे वाटते. पहिल्या आठवड्यात मन कडक असते, प्रार्थनेत चव नसते, आणि आपल्याला हे जमणार नाही असे ठरवून आपण मोकळे होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनस यांच्याकडून आम्ही समजून घेतले की सद्गुण ही एक मुरलेली सवय असते आणि छोट्या कृती वारंवार करूनच ती अंगी येते. ते आम्ही परीक्षेत लिहिलेही. मॅकर्चर यांनी तेच पायांच्या भाषेत सांगितले, इतकेच.

१९२३ साली जुलैमध्ये स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून एरिक मार्गाबाहेर पडले. उठले, तेव्हा बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले होते. तरीही ते पहिले आले आणि तिथेच कोसळले.

१९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. प्रभूच्या दिवशी धावायचे नाही, असा एरिकचा नियम. चित्रपटात त्यांना हे बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ते काही महिने आधीच कळले होते, आणि ते शांतपणे ४०० मीटरच्या सरावाला लागले. ११ जुलै रोजी, शुक्रवारी, सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातून त्यांनी ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. त्याआधी २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले होते. आपण कॅथलिक त्या जागी असतो, तर सकाळची मिस्सा करून दुपारी धावलो असतो आणि ख्रिस्तसभेने त्यात पाप मानले नसते. तेव्हा त्यांचा नियम आपल्यावर लादण्याचा आमचा विचार नाही. पण ज्याच्यासाठी आपण रविवारची मिस्सा चुकवतो, त्या क्लासची आणि क्रिकेटच्या सामन्याची किंमत त्या सोडलेल्या १०० मीटरशेजारी ठेवून पाहावी, असे मात्र वाटते.

दुसऱ्याच वर्षी, कीर्ती शिखरावर असताना, ते तिएन्त्सिनला शाळेत विज्ञान शिकवायला गेले. १९३४ साली फ्लॉरेन्स या कॅनेडियन मिशनरी कन्येशी विवाह झाला. १९३७ पासून ते सियाओचांग या ग्रामीण भागात काम करू लागले. त्यांचे भाऊ तिथे डॉक्टर होते आणि चहूकडे जपानचे युद्ध पेटले होते. १९४१ मध्ये गरोदर पत्नीला व दोन मुलींना त्यांनी कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी त्यांना कधीच पाहायला मिळाली नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना वेइशिएनच्या छावणीत कोंडले. तिथे दीड हजारांहून अधिक परदेशी कैदी होते. त्यांत सुरुवातीला आपले शेकडो धर्मगुरू व धर्मभगिनीही होत्या. त्यांपैकी ट्रॅपिस्ट संघाचे फादर स्कॅनलन यांनी भिंतीवरून चिनी शेतकऱ्यांकडून चोरून अंडी आणण्याची व्यवस्था केली. पकडले गेल्यावर त्यांना एकान्तवासाची शिक्षा झाली. मौनव्रती संन्याशाला एकान्ताची शिक्षा! सारी छावणी हसली.

लिडेल पहाटे उठून शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी एका सोबत्याबरोबर बायबल वाचत, नंतर दिवसभर मुलांना शिकवत, म्हाताऱ्यांसाठी पाणी आणि कोळसा वाहत. मुलांचे खेळही तेच घेत, पण रविवारी नाही. मग एका रविवारी मुलांनी आपणच हॉकी मांडली. पंच नाही, त्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानावर हजर होते. ज्या नियमासाठी त्यांनी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तो त्यांनी पोरांची भांडणे मिटवण्यासाठी बाजूला ठेवला. आम्हाला हा प्रसंग सुवर्णपदकापेक्षा मोठा वाटतो. कडक स्नायू मऊ होतात ते असे.

शत्रूसाठी, म्हणजे पहारेकरी जपान्यांसाठीही, प्रार्थना करावी असे ते मुलांना शिकवत. एका मुलाचे बूट फाटून गेले होते. हिवाळ्यात लिडेल यांनी दोऱ्याने बांधून सांधलेले आपले धावण्याचे जुने बूट त्याला आणून दिले. तीनेक आठवड्यांनी, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतील गाठीमुळे त्यांचे निधन झाले. वय ४३, आमच्याच आसपासचे. छावणी ऑगस्टमध्ये मुक्त झाली. त्यांची शवपेटी वाहणाऱ्यांत तो मुलगाही होता. १९५२ साली तो मिशनरी होऊन जपानला गेला आणि तिथे त्याने अडतीस वर्षे काम केले.