स्वतःच्या नावावरचा वाडा

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, एका टेकडीवर हार्डविक हॉल नावाचा भव्य वाडा उभा आहे. त्याच्या सहा बुरुजांच्या माथ्यावर ‘ई’ आणि ‘एस’ ही दगडी अक्षरे दुरूनही वाचता येतात. ई म्हणजे एलिझाबेथ, एस म्हणजे श्रूजबरी. इतिहास मात्र या बाईला बेस ऑफ हार्डविक म्हणून ओळखतो.

याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदाराच्या घरात, १५२० च्या दशकात ती जन्मली. ती लहान असतानाच वडील वारले. पहिला नवरा १५४४ मध्ये गेला, तेव्हा वैधव्यातल्या हक्काच्या उत्पन्नासाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश. त्याच्याबरोबर तिने चॅट्सवर्थ उभारले. १५५७ मध्ये तो वारला, तो सरकारी कर्ज मागे ठेवून. तिसऱ्याने आपली मालमत्ता तिला दिली. चौथा अर्ल ऑफ श्रूजबरी, देशातला बडा धनिक. १५६९ पासून सुमारे पंधरा वर्षे त्याला मेरी स्टुअर्ट या कैदी राणीचा पहारा करावा लागला. त्या खर्चात आणि संशयात संसार मोडला. १५८४ मध्ये बेस माहेरच्या हार्डविकला परतली.

तेव्हाच्या कायद्यात विवाहितेची मालमत्ता नवऱ्याच्या हाती जाई. विधवा मात्र स्वतःची मालक. अर्ल १५९० मध्ये वारला आणि त्याच साली नव्या वाड्याचे काम सुरू झाले. आराखडा बहुधा रॉबर्ट स्मिथसनचा. धुराडी आतल्या भिंतींत घेतल्याने बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या. काच तेव्हा फार महाग. पण काचेचा कारखाना तिचाच आणि दगडाची खाणही तिचीच. खाली नोकरचाकर, मधल्या मजल्यावर कुटुंब, सर्वांत वर दरबारी दालने. मजला चढावा तशी खिडक्यांची उंचीही वाढते. बांधकामाचा हिशेब ती स्वतः तपासून सही करी. १५९७ मध्ये, सत्तरीच्या आसपास, ती तेथे राहायला गेली आणि १६०८ मध्ये वारली.

दगड, काच, हिशेब सारे तिचे. तरी माथ्यावरच्या दोन अक्षरांतले एक नवऱ्याच्या सरदारकीचे आहे. ज्याच्याशी ती वर्षानुवर्षे भांडली, त्याचीच पदवी तिने छपरावर चढवली. कारण त्या समाजात तिची पत ठरत होती ती त्याच अक्षराने.