रेव्हरंड टिळक : प्रार्थनेला अभंगाची चाल

फुलांमुलांचे कवी नारायण वामन टिळक आपल्या पांढुर्णा-सौसरच्या मराठी घरांना नवे नाहीत. जन्म १८६१चा, कोकणातला. पण आयुष्याला वळण लागले ते आपल्याच बाजूला. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या, पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या.

त्या वेळी मराठी चर्चमधली पुष्कळ गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. तुकोबांच्या अभंगांवर जीव असलेल्या टिळकांना हे परके वाटे. त्यांनी अभंग आणि भजने रचली, कीर्तने केली. उपदेश ऐकत बसलेली मंडळी आता स्वतः प्रार्थना गाऊ लागली. भजनी मंडळात बसलेल्या आपल्या माणसांना हा फरक वेगळा सांगायला नको.

१९१७ मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. आम्हांला हे त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल वाटते. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांची भजने मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.