पाय वाचवणारा ‘वेडा चार्ली’

आपल्या ओझरचा एचएएलचा मिग कारखाना १९६४ सालचा. त्याच वर्षी १६ जानेवारीला अमेरिकेत पोर्टलंडमध्ये एका डॉक्टरने चिरफाड न करता ८२ वर्षांच्या आजींचा पाय वाचवला. त्याचं नाव चार्ल्स डॉटर.

१९२० मध्ये बोस्टनला जन्मलेला डॉटर अवघ्या ३२व्या वर्षी ओरेगनच्या मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजीचा विभागप्रमुख झाला. रेडिओलॉजिस्टने फोटो काढायचा आणि सर्जनकडे द्यायचा, एवढंच तेव्हा त्याचं काम. पण १९६३ मध्ये एका तपासणीत त्याची नळी चुकून बंद पडलेल्या रक्तवाहिनीतून आरपार गेली आणि रस्ता मोकळा झाला! दुसरा कुणी विसरून गेला असता. याच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. जी नळी बिघाड दाखवते, तीच दुरुस्त का नाही करणार?

मग त्या आजी आल्या. पायाला गँगरीन, तरी पाय कापायला ठाम नकार. डॉटरने मांडीच्या रक्तवाहिनीत तार सरकवली, तिच्यावरून आधी बारीक, मग जाड नळी. थंडगार पाय गरम झाला. आजी शेवटपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या.

टाळ्या मिळाल्या? छे! त्याला ‘वेडा चार्ली’ म्हणू लागले. पेशंट पाठवताना फक्त फोटो काढा, उपचार करू नका, असंही चिठ्ठीत बजावलं गेलं. हा गडी मात्र गिटारच्या तारा, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल असलं काहीबाही वापरून अवजारं बनवत राहिला. युरोपातल्या डॉक्टरांनी त्याची पद्धत उचलली. १९७२ मध्ये रॉश आणि ब्राऊन या सहकाऱ्यांसोबत त्याने उलटा प्रयोगही मांडला: पोटात रक्तस्राव होणारी वाहिनी नळीतूनच बंद करायची. कॅन्सरशी झुंजतानाही तो डोंगर चढत राहिला. १९८५ मध्ये गेला.

आज त्याच वाटेने जन्मजात बिघडलेल्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात. धमनी-शिरांचा गुंता असेल तर नळीतून खास गोंद किंवा बारीक कॉइल सोडून तो बंद करतात. शिरांची किंवा लसीकावाहिन्यांची गाठ असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने औषध सोडतात. आतल्या भिंती चिकटून गाठ आक्रसते. एका बैठकीत भागतंच असं नाही.

तुमच्या वर्गात कुणाच्या गालावर अशी निळसर गाठ असेल, तर टक लावून बघू नका. जवळचा मित्र असेल तर एवढंच सांगा, की यावर उपचार असू शकतो, एकदा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला दाखव.