सर्पगंधा आणि डॉ. रुस्तम वकील

१९४० च्या दशकात रक्तदाब दोनशेवर गेलेला रुग्ण समोर आला, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. विश्रांती, मीठ बंद, झोपेची गोळी. फारच झाले तर पाठीच्या कण्यालगतचे मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. पक्षाघाताची वाट बघत बसणे एवढेच पुष्कळांच्या नशिबी होते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांची कामगिरी याच काळातली. जन्म १९११ चा, मुंबईच्या पारशी घरातला. वैद्यकाचे शिक्षण लंडनला घेऊन ते मुंबईला परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे काम करू लागले.

सर्पगंधा त्यांनी शोधून काढली नाही, हे आधीच सांगायला हवे. ही मुळी आपल्याकडे वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिचा रक्तदाबावर आणि वेडावर उपयोग होतो असे लिहिले होते. पण ते भारताबाहेर फारसे कोणी वाचले नाही. वकिलांनी पन्नास रुग्ण निवडले, त्यांना मुळीच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब मोजून नोंदवत गेले, आणि १९४९ मध्ये तो निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आणला. आजच्या कसोटीवर हा अभ्यास लहानच. तरी बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यानंतर तिकडे हे औषध वापरून पाहिले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील रसायनज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला. त्याचे नाव रिसर्पिन.

हा घटक काढता येतो तो अमाइनांच्या एका गुणामुळे. अमोनियाच्या रेणूत एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन असतात. त्यातला एक, दोन किंवा तिन्ही काढून जागी कार्बनचे गट बसवले की अनुक्रमे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक अमाइन होते. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. आम्लातला हायड्रोजन ती पकडते आणि क्षार तयार होतो. म्हणजे अमाइन हा अल्कधर्मी पदार्थ. वनस्पतींतली बहुतेक अल्कलॉइडे अशीच. मुळीचा अर्क आम्लयुक्त पाण्यात घेतला की अल्कलॉइडे क्षार होऊन विरघळतात, अल्क घातले की पुन्हा बाहेर पडतात. रिसर्पिनमध्ये नायट्रोजन दोन आहेत, पण हे काम करतो त्यातला एकच, तृतीयक अमाइनचा. दुसऱ्याची जोडी इंडोलच्या कड्यात गुंतलेली असते.

गंमत पुढे आहे. हे अमाइन शरीरात जाऊन करते काय, तर मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली इतर अमाइने रिकामी करते: नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन. (नॉरॲड्रेनलिन प्राथमिक अमाइन, त्याच्या नायट्रोजनवर एक मिथिल गट चढला की ॲड्रेनलिन. नावातला ‘नॉर’ तो गट नसल्याची खूण आहे.) नॉरॲड्रेनलिन संपले की रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. डोपामिन संपले की सशांची हालचालच थांबते, आणि एल-डोपा दिल्यावर ते पुन्हा हिंडू लागतात, हे स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा रस्ता तिथून निघाला.

रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचेही अहवाल आले. त्यांवर आज मतभेद आहेत, पण चोंदलेले नाक, सुस्ती आणि जास्त मात्रेत कंपवातासारखी लक्षणे ही खरी. नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. सर्पगंधेची पूड मात्र ‘झाडपाला’ म्हणून अजूनही घेतली जाते आणि डॉक्टरांपासून लपवली जाते. ज्यांना उदासीचा त्रास आहे किंवा जे रक्तदाबाच्या गोळ्या आधीच घेत आहेत, त्यांनी तरी ती सांगावी.

१९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार इतर पाच जणांबरोबर मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार. गोलवाला यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या रोगनिदानाच्या पुस्तकावर आमच्याकडच्या डॉक्टरांच्या पिढ्या नाडी बघायला आणि छातीवर कान लावायला शिकल्या. १९७४ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले.