कुंडीतला वाटाणा

आमच्या पाचगणीत फुलांना तोटा नाही. माझे वडील एका बंगल्यात माळीकाम करतात आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या हिवाळ्यात एका मित्राची मॅक्रो लेन्स चार दिवस माझ्याकडे होती. बागेतल्या लालपत्तीवर ती रोखली तेव्हा दिसले, की आपण जिला फूल समजतो ती नुसती लाल पाने. खरी फुले म्हणजे मधल्या हिरव्या-पिवळ्या बारीक गाठी! इतक्या जवळून जेमतेम नखाएवढा भाग स्पष्ट येतो आणि वाऱ्याने देठ हलला की तोही जातो. अर्ध्या तासात एखादा फोटो धड मिळायचा. मग एका रोपट्यापुढे महिनाभर कॅमेरा लावणाऱ्या माणसाचे चरित्र मी मुद्दाम वाचायला घेतले. तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा, पुराणवस्तू खात्यात नोकरी, पुढे छापखाना... किती म्हणून उद्योग त्यांनी केले! गोध्र्यात प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. भागीदारांशी पटेना, तेव्हा चालता छापखानाही सोडला.

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येतील, या विचाराने या चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांना झपाटले. दिवसरात्र चित्रपट पाहणे आणि प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळे गेले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत विमा गहाण टाकून हे निघाले लंडनला! तिथे विल्यम्सन कॅमेरा खरेदी केला, तंत्र शिकून घेतले.

आता भांडवल कोण देणार? भाषणाने पैसेवाला पाघळत नाही. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. कोंब फुटून त्याचे रोप होते, हे पडद्यावर मिनिटभरात दिसू लागले. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रपटाचे नाव. मॅक्रो लेन्स बारीक वस्तू मोठी करते. दादासाहेबांनी लांबलचक काळ आखूड केला. त्यासाठी कॅमेरा जागचा हलता कामा नये, आणि एक दिवसही चुकता कामा नये. नुकत्याच सावरलेल्या डोळ्यांनी हे करायचे, म्हणजे काय जिवाचा करार असेल! तो चित्रपट पाहून कर्ज द्यायला माणसे पुढे आली.

तरीही पैसे पुरले नाहीत. मग सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दादासाहेबांच्या या दुसऱ्या पत्नी. फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्या शिकल्या आणि वर कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यात तारामती झाले ते अण्णा साळुंके हे पुरुष नट, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळाली नाही. पण पडद्यामागे एक स्त्री होतीच. फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

पुढे नाशिकला कंपनी निघाली, अनेक मूकपट झाले. बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले.