ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (माहेरच्या केळकर, जन्म : १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या बालशिक्षणतज्ज्ञ, संपादक व लेखिका होत्या. नूतन बाल शिक्षण संघ, दादरचे शिशुविहार, बोर्डीचे ग्राम बालशिक्षा केंद्र आणि कोसबाडची विकासवाडी ही त्यांच्या कार्याची प्रमुख अंगे होत. अंगणवाडी व कुरणशाळा या कल्पना त्यांच्या कार्यातून आकाराला आल्या. शाळेत न येणारे, न रमणारे किंवा मागे पडणारे मूल मंदबुद्धी ठरविण्याआधी शिकविण्याची रीत तपासून पाहिली पाहिजे, हे त्यांच्या शैक्षणिक विचाराचे सार होय. या विचारामुळे अध्ययनात अडचणी असलेल्या मुलांच्या शिक्षणाची चर्चा करतानाही त्यांचे कार्य विचारात घ्यावे लागते.

जीवन

ताराबाईंचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरातील सुधारकी वातावरणामुळे मुलींचे शिक्षण फारसे रूढ नसलेल्या काळात ताराबाईंना उच्च शिक्षण घेता आले. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. मुलीची जबाबदारी एकटीने पेलत त्यांनी स्वतंत्र आयुष्याला आरंभ केला. राजकोट येथील स्त्रियांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. मानाची व स्थिर वेतनाची ही नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. हा निर्णय त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. शिक्षा, बक्षीस व भीती यांच्याविना मुले आनंदाने शिकू शकतात, हे ताराबाईंनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिका या मासिकाद्वारे पालक व शिक्षकांपर्यंत नवे विचार पोहोचविण्याचे काम ताराबाईंनी अनेक वर्षे केले. १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणालाही त्यांनी मुंबईत चालना दिली.

पद्धतीचे मूळ

ताराबाईंनी आधार म्हणून घेतलेली माँटेसरी पद्धती मुळात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी केलेल्या कामातून विकसित झाली आहे. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांचा तरुणपणी रोममधील मनोरुग्णालयांत ठेवलेल्या मुलांशी संबंध आला. तेथे अशा मुलांना सांभाळले जाई, पण शिकविले जात नसे. त्यांची समस्या केवळ वैद्यकीय नसून मुख्यतः शिक्षणाची आहे, असे माँटेसरी यांचे मत झाले. ईतार्द व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात अशा मुलांसाठी केलेल्या प्रयोगांचा त्यांनी अभ्यास केला. १९०० पासून रोममधील एका विशेष शाळेत त्यांनी ती साधने वापरून पाहिली व त्यांत भर घातली. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी वाचन व लेखनात सर्वसाधारण मुलांइतकी प्रगती दाखविली. तेव्हा माँटेसरी यांना प्रश्न पडला, की ही मुले एवढे शिकू शकत असतील, तर निरोगी मुले नेहमीच्या शाळांत मागे का राहतात? या प्रश्नातून १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

कमीअधिक आकाराच्या खुंट्या आपापल्या भोकात बसविण्याची पेटी, बोट फिरवून ओळखायची खरखरीत कागदाची अक्षरे, हाताळून मोजायच्या दांड्या ही साधने अशा रीतीने विशेष शिक्षणातून सर्वसामान्य बालवाडीत आली. नजर, स्पर्श, हालचाल व ध्वनी यांचा एकत्र उपयोग हे त्यांचे वैशिष्ट्य होय. गिजुभाई व ताराबाई यांनी या पद्धतीला गोष्टी, गाणी, नाट्य व लोककला यांची जोड देऊन ती भारतीय मुलांच्या जगण्याशी जुळवून घेतली.

बोर्डी व कोसबाड

माँटेसरी साधने महाग होती आणि बालमंदिरे बहुतांशी शहरी, सुस्थित कुटुंबांपुरती मर्यादित होती. गरिबांच्या मुलांपर्यंत हे शिक्षण कसे पोहोचेल, हा प्रश्न महात्मा गांधींनीही माँटेसरी यांच्यासमोर मांडला होता. ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्याचे उत्तर कृतीने देण्यास आरंभ केला. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. याच सुमारास त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) ही आयुष्यभराची सहकारी मिळाली.

केंद्र उघडले तरी दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून त्यांना दोष देण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगण झाडणे, मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे येथपासून शिक्षणाला सुरुवात होई. शिंपले, बिया, खडे, पाने व माती यांपासून शैक्षणिक साधने तयार करण्यात आली. महाग साधनामागील तत्त्व कायम ठेवून त्याची किंमत जवळजवळ शून्यावर आणणे, हे या प्रयोगाचे मोठे यश मानले जाते.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या वस्तीत नेण्यात आले. येथील मुले गुरे राखत किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यामुळे ती शाळेत टिकत नसत. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असल्याने थोरल्या मुलीला वर्गात बसता येऊ लागले. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणावर गेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. या मुलांच्या बुद्धीत कोणतीही उणीव नव्हती. उणीव होती ती त्यांच्या जगण्याशी मेळ नसलेल्या शाळेत.

अध्ययन अक्षमतेच्या संदर्भात

ताराबाईंनी अध्ययन अक्षम मुलांसाठी वेगळी संस्था काढली नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात ही संज्ञाही रूढ नव्हती. अमेरिकेतील सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये ती प्रचारात आणली. बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत एकूण आकलन व दैनंदिन व्यवहार यांवर मर्यादा येते. दुसरीत बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही वाचन, लेखन अथवा गणित यांपैकी एखादे कौशल्य आत्मसात करणे कठीण जाते. गरिबी, स्थलांतर किंवा घरची वेगळी बोली यांमुळे मागे पडणारे मूल या दोहोंपैकी कोणत्याही प्रकारात मोडत नाही. वर्गात मात्र ही तिन्ही मुले पुष्कळदा एकाच मागच्या बाकावर बसलेली आढळतात आणि तिघांनाही आळशी वा ढ ठरविले जाते.

त्यांतील भेद ओळखण्यासाठी लागणारी निरीक्षणाची सवय ही ताराबाईंच्या प्रशिक्षणाची मुख्य शिकवण होती. मूल कशात रमते, कोठे अडते, हाताने करून पाहिल्यावर त्याला काय समजते, हे शिक्षिकेने पाहावे आणि मुलाला त्याच्या गतीने पुढे जाऊ द्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. अक्षर ऐकत, बोलत व गिरवत शिकविण्याची रीत आज अध्ययन अक्षम मुलांसाठीही उपयुक्त मानली जाते. मात्र केवळ प्रेमळ वातावरणाने अक्षमता नाहीशी होत नाही. तज्ज्ञांकडून तपासणी, विशेष शिक्षकाचे साहाय्य व परीक्षेतील सवलती यांची जोड आवश्यक असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व बौद्धिक अक्षमता यांची स्वतंत्र नोंद आहे.

सन्मान व वारसा

ताराबाई मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक त्यांच्या जीवनावर आधारित आहे. त्यांच्या मृत्यूनंतर कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे नेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीपासून दूर, सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरही आज अंगणवाडी आहे. आईवडील मजुरीला किंवा मेंढरांमागे गेलेल्या मुलाला घराबाहेर भेटणारी पहिली शिक्षिका बहुधा अंगणवाडी सेविकाच असते. उशिरा बोलणारे, हाक मारल्यावर न वळणारे किंवा साधी कृती पुन्हापुन्हा दाखवूनही न जमणारे मूल सर्वप्रथम तिच्याच लक्षात येऊ शकते आणि वेळेवर तपासणीसाठी पाठविले जाऊ शकते. पोषण आहार व लसीकरण यांबरोबरच निरीक्षणाचे हे काम तेथे किती काळजीपूर्वक होते, यावर अशा मुलाचे पुढील शिक्षण बरेचसे अवलंबून असते.